खंडेनवमीची चिंधी

कुशाबाईच्या तोंडी लागू नये, हे इंदापूरच्या भाजीबाजारात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात. बाई वाईट नाही. गोड बोलते, हसते, गिऱ्हाइकाच्या पोराला काकडी मोडून देते. पण ढिगातल्या चार भेंड्यांची शेंडी मोडून, नाक मुरडून कुणी पुढं निघाला की ती त्याला हाक मारून परत बोलावते आणि मोडलेल्या भेंड्या त्याच्या हातात ठेवते. "ह्या तुमच्या. न्या घरी. मोडलेल्या मी कुणाला इकू?" माणूस चारचौघांत ओशाळतो आणि मुकाट्याने पाव किलो घेऊन जातो.

साठी ओलांडली तरी नीरेकाठच्या आपल्या रानात ती रोज उजाडता उतरते. भेंडी, गवार, दोडका आणि कडेने झेंडू. भेंडी तोडताना हाताला खाज सुटते, म्हणून नातीचे शाळेतले जुने मोजे हातात चढवते, एक पांढरा, एक निळा. माल दलालाकडे टाकून मोकळी हो, असं तिचा मुलगा गोकुळ तिला सांगून थकला. तो बारामती एमआयडीसीत एका दूध कारखान्यात कामाला जातो, त्याला आईने बाजारात बसणं कमीपणाचं वाटतं. "माझ्या मालाचा भाव मला माझ्या तोंडानं सांगाय येतूय," एवढंच तिचं उत्तर.

नवरा गेणू गेला तेव्हा भावकीतल्या बायका रिवाजाप्रमाणे तिच्या बांगड्या फोडायला पुढं सरल्या. कुशाबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले. "ह्या काय त्यांच्यासंगं आल्या न्हवत्या. लग्नाच्या आदीपासनं घालतीया मी." बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तेव्हापासून गावात दोन तट आहेत. एक म्हणतो बाई आगाऊ आहे, दुसरा म्हणतो खमकी आहे. भाजी दोन्ही तटांना तिचीच लागते.

अशा या बाईने एका गोष्टीपुढं मात्र जन्मभर मान तुकवली होती. ती गोष्ट म्हणजे घरातली एक चिंधी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गावात घरोघरी हत्यारं पुजतात. हत्यारं म्हणजे ज्याच्या हाताला जे काम त्याची अवजारं: विळा, खुरपं, कुऱ्हाड, फवाऱ्याचा पंप, ट्रॅक्टर असेल त्याच्या ट्रॅक्टरला झेंडूची माळ. कुशाबाईच्या घरी पाटावर हे सगळं असे, आणि शेवटी एका झिजलेल्या फावड्याशेजारी वीतभर रुंदीचं एक ओलं फडकं. त्याला हळदकुंकू, फूल, अक्षता, सगळा मान. ते भिजवायची रीतही ठरलेली. घरातल्या बाईने ते ओलं असताना हात लावायचा नाही. घरातला थोरला पुरुष ते घेऊन एकटाच गोठ्यामागं जाणार आणि ओलं करून आणणार. दुसऱ्या दिवशी ते लिंबाच्या बुडात पुरायचं, पुढच्या वर्षी नवं फाडायचं.

का, तर आबांनी लावलेली रीत. आबा म्हणजे गेणूचे आजोबा, भीमा. इंग्रजांच्या काळात पहिल्या मोठ्या लढाईला, म्हणजे जुनी माणसं ज्याला 'लाम' म्हणायची तिथं जाऊन आलेले. कुशाबाई लग्न होऊन आली तेव्हा ते जाऊन बरीच वर्षं लोटली होती. तिची सासू प्रयागबाई हिने मात्र त्यांना पाहिलं होतं. नव्या सुनेने विचारलं, "आत्याबाई, फडकं कशानं भिजवत्यात?" तर प्रयागबाई म्हणाली, "गोमूत्रानं. देवापुढं दुसरं काय चालतंय?" गेणू त्याप्रमाणे गोमूत्र धरायचा. गोठ्यात जर्सी आली तेव्हा जर्सीचं चालेल का, अशी त्याला शंका आली, म्हणून तो तांब्या घेऊन पार मळ्यातल्या खिलार गाईपर्यंत जाऊ लागला. इतकी निष्ठा! तो गेल्यावर ते काम गोकुळकडे आलं. फक्त प्रयागबाई कधीमधी पुटपुटायची, "आबांच्या टायमाला वास येगळा यायचा. पर मोठ्या मान्साला इचारायचं कुणी?"

आबांबद्दल प्रयागबाई आणखीही सांगायची. ते खडकीच्या सफरमैना पलटणीत होते, म्हणजे खंदक खणायचे, रस्ते करायचे. लामावर ढीगभर खणलं आणि परत आल्यावर कांद्याचा एक वाफा धड खणता आला नाही. दोन फावडी मारली की खोकला. घरात कधी निजले नाहीत. पावसातसुद्धा पडवीत गोणपाट पांघरून बसायचे. चूल धुमसायला लागली की उठून बाहेर. वारं फिरलं की उभे राहून बघत बसायचे. आणि झोपेत ओरडायचे, "बांध रं सिद्धू, बांध!" सिद्धू त्यांच्याच आळीतला, माळकरी घरचा. दोघं एका दिवशी खडकीला गेले, परत आले ते एकटे आबा. सिद्धूला काय बांधायला सांगत होते, ते घरात कुणालाच उमगलं नाही. फेटा असेल, असं प्रयागबाईला वाटे.

चावडीच्या भिंतीत एक पांढरा दगड बसवलेला आहे. गावातून इतकी माणसं लढाईला गेली, त्यातली इतकी परत आली नाहीत, एवढंच त्यावर खोदलंय. नाव एकाचंही नाही. शंभर वर्षं त्या दगडाला टेकून लोकांनी तंबाखू मळली, आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मग यंदा विजयसिंहला त्याचं एकदम भरून आलं.

विजयसिंह म्हणजे माजी सरपंचांचा मुलगा. माळावर त्याची भरतीची अकॅडमी आहे; फौज, पोलीस, कशाचीही तयारी करून देतो. गावातली पोरंपोरी पहाटे त्याच्या शिट्टीवर डांबरीने पळतात. कुशाबाईची नात स्वरूपाही पळते. ती बारावीला इंदापूरला आहे आणि तिला फौजेत जायचंय. विजयसिंहने ठरवलं, खंडेनवमीला दगडापुढं चौथरा बांधायचा, लामावर गेलेल्यांच्या वारसांनी आपापल्या पूर्वजाचं हत्यार आणायचं, पूजा, भाषणं, वर ड्रोनने शूटिंग. कल्पना चांगलीच होती. माणूसही तसा वाईट नाही. फक्त त्याला फ्लेक्स लावल्याशिवाय कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही.

तर फ्लेक्स लागला. भीमा आबांचा फोटो कुणी काढलाच नव्हता. बारामतीच्या फ्लेक्सवाल्याला त्याची काही अडचण आली नाही. त्याने कुठून तरी एक झुबकेदार मिशांचा गोरापान गडी आणला, त्याला घोड्यावर बसवला, हातात उपसलेली तलवार दिली आणि खाली लिहिलं: 'शूरवीर सुभेदार भीमराव'. आबा साधे शिपाई होते. मेल्यावर इतक्या वर्षांनी त्यांना बढती मिळाली. सिद्धूचा फ्लेक्स मात्र नव्हता. तो बिनलग्नाचा मेला, त्याच्या मागं गावात कुणी मत द्यायला उरलं नाही.

कुशाबाई टेम्पोतून उतरली आणि फ्लेक्सखाली उभी राहून मिशांकडे बघत राहिली. "ह्यो कुणाचा जावई?" तिने विचारलं.

घरी आली तर कॉटवर लाल मखमली म्यानातली तलवार. नवरदेवाच्या कमरेला असते तसली. गोकुळने बारामतीहून आणली होती.

"ही कुणाची?"

"आबांची," गोकुळ खाली बघत म्हणाला. "म्हंजी, आबांच्या नावानं. परवा चौथऱ्यावर मांडायची हाय. विजयसिंहरावांना शब्द दिलाय मी."

"आबांची तलवार इतकी वर्सं दुकानात व्हती व्हय?"

"आये, लोकांपुढं कायतरी मांडाय नगं का? सगळे वारस हत्यारं आणणार हायती."

"आपलं हाय की. फावडं हाय, फडकं हाय."

"फडकं!" गोकुळ कळवळला. "आये, हात जोडतो तुला. गावापुढं चिंधी मांडू व्हय? औंदा गावच्या डेअरीच्या निवडणुकीत विजयसिंहरावांच्या पॅनेलमधी माझं नाव हाय. माझं हसं करू नगंस."

कुशाबाईने भाजीच्या पाट्या आत नेल्या. फडक्यामागचं कारण तिलाच ठाऊक नव्हतं, तर त्याच्यासाठी भांडणार काय? कारणाशिवाय रीत पाळणं म्हणजे नुसती वेठ, हे तिलाही कळत होतं. पण ती तलवार घरात आल्यापासून तिला जेवण गोड लागेना. घरात परकं माणूस येऊन कॉटवर पसरावं, तसं तिला होत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आणि स्वरूपा ओसरीवर भेंडी निवडत बसल्या होत्या. स्वरूपाच्या मांडीवर दोन कागद होते. एक विजयसिंहने लिहून दिलेलं भाषण, चौथऱ्यावर म्हणायचं. दुसरी एक इंग्रजी कविता. कॉलेजातल्या वृषाली मॅडमनी तिची झेरॉक्स वर्गात वाटली होती. भाषण पाठ झालं होतं. 'आमच्या खापरपणजोबांनी हसत हसत शत्रूचे वार छातीवर झेलले,' असं ते सुरू व्हायचं. अडलं होतं ते कवितेपाशी.

"त्याच लढाईतल्या एका गोऱ्या शिपायानं लिहिलीय आज्जी. आबा जिथं गेलते, तिथलीच."

"गोऱ्या शिपायाला कविता करायला सवड व्हती?"

"नंतर लिहिली. घरी आल्यावर. आईला सांगतोय त्यो."

"मग वाच. आईला सांगितलंय तर आमालाबी ऐकू दे."

स्वरूपाने शब्दाला शब्द लावत मराठीत सांगायला सुरुवात केली. तिने वहीत अर्थ उतरवून घेतला होता.

आई, खिडकी लावू नकोस. बर्फ आत आला तर येऊ दे.
त्या सकाळी वारा आमच्याकडे वळला, तेव्हा आम्ही खूश झालो होतो.
मग हिरवट धुकं आलं. आधी चिमण्या पडल्या.
फडकं ओलं करा, ओरडले. पाणी नव्हतं. ज्याच्याजवळ जे होतं त्याने भागवलं.
माझ्या शेजारच्याने भिजवलं नाही.
तो स्वच्छ मुलगा होता, आई. त्याच्या आईने त्याला फार चांगलं वळण लावलं होतं.

"हिरवं धुकं कसलं?" कुशाबाईने विचारलं.

"विषारी गॅस. क्लोरिन. आपल्या पाण्याच्या टाकीत पावडर टाकत्यात बघ, नाकात जाती, तसलाच वास. पण असा की छातीत गेला की आतनं माणूस भाजतोय, आपल्याच छातीतल्या पाण्यात बुडून मरतोय. वारं आपल्याकडनं तिकडं वाहायला लागलं की नळकांडी उघडायची. ज्यांच्यावर सोडला त्यांच्याकडं तोवर मास्क न्हवते. मॅडम म्हणाल्या, तोवर कुणाला ठाऊकच न्हवतं की माणूस माणसावर असं कायतरी सोडंल."

"आन् ह्यो खिडकी लावू देत न्हाई."

"व्हय. मला आधी ते कळलंच न्हाई. थंडी वाजंल की. मग मॅडम म्हणाल्या, बंद खोलीत त्याचा जीव घुसमटत असंल."

कुशाबाईच्या डोळ्यांपुढं पडवी आली. गोणपाट पांघरून पावसात बसलेला, तिने कधीच न पाहिलेला म्हातारा. स्वरूपा पुढं म्हणाली, "आता मॅडमनी प्रश्न घातलाय. मेलेला पोरगा स्वच्छ व्हता, असं कवी का सांगतो? लिहून आणायचंय."

"पाणी न्हवतं म्हनतीस, मग फडकं भिजवलं कशानं?"

स्वरूपा लाजली. भेंडीच्या क्रेटमध्ये तोंड घालून म्हणाली, "मॅडमनी सांगितलंय. पण तुला कसं सांगू?"

"मी चार बाळंतपणं केल्याती भावकीत. मला कसली लाज? बोल."

"मुतायचं. स्वतःच्या फडक्यावर. आन् ते नाकातोंडाला घट्ट बांधायचं. त्यानं गॅस अडतोय थोडा. वरनं हुकूमच आलता तसा. ज्यांनी बांधलं त्यातले बरेच वाचले. ज्यांना किळस आली..."

कुशाबाई आधी खो खो हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आणि हसता हसताच तिचा मोजा घातलेला हात हवेत थांबला.

गोठ्यामागं. एकट्या पुरुषाने. बाईने हात लावायचा नाही. आबांच्या वेळी वास वेगळा यायचा.

"अगं माझ्या आये," ती म्हणाली. मग अगदी हळू, "बांध रं सिद्धू."

स्वरूपाने मान वर केली. तिनेही ती गोष्ट लहानपणापासून ऐकली होती. त्या ओसरीवर शंभर वर्षांपूर्वीची ती सकाळ येऊन बसली. सिद्धू माळकरी घरातला. अंघोळीशिवाय पाण्याचा घोट न घेणारा, परक्याच्या हातचं न खाणारा. स्वच्छ मुलगा. त्याच्या आईने त्याला फार चांगलं वळण लावलं होतं.

कुशाबाईला राग आला. कुणाचा, ते आधी तिलाच कळेना. आबांचा आला, की सांगितलं का नाही. पण सांगणार कुणाला? समुद्र ओलांडून आलेल्याला पंगतीत बसवायचं की नाही, यावर त्या काळी गाव खल करत असे. तिथं हा माणूस कसं म्हणणार होता, की मी मुताचं फडकं तोंडाला बांधून जगलो आणि माझा दोस्त न बांधता मेला? म्हणून त्याने ते हत्यारांच्या पाटावर मांडलं. तोंडाने सांगता येईना ते पूजेला लावलं. आणि घरच्यांनी काय केलं, तर त्याचं गोमूत्र केलं! तिला आत्याबाईंचा राग आला, खिलार गाईमागं तांब्या घेऊन फिरणाऱ्या आपल्या भोळ्या नवऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो फ्लेक्सवरच्या मिशांचा. गोमूत्र करणारे निदान अजाण होते.

"दे त्यो भाषणाचा कागद," ती म्हणाली. स्वरूपाने वाचून दाखवला. "'हसत हसत'? कोण हसत व्हतं तितं? खोकून खोकून बरगड्या मोडल्या त्यांच्या!"

स्वरूपाने कागदाची घडी घातली. मग तिने विचारलं, "आज्जी, मग मी जाऊ नगं का फौजेत?"

"जा की. मी कोण अडवणारी? पर खरं काय ते ठावं असून जा. त्या मिशा बघून जाऊ नगंस."

खंडेनवमी उजाडली. पाट मांडला, फावडं घासलं, फडकं फाडून ठेवलं. कुशाबाईने गोकुळला जवळ बसवून सगळं सांगितलं. तो ऐकत असताना त्याचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला.

"आता आबा भिजवायचे तसं भिजीव," ती म्हणाली. "त्येच चौथऱ्यावर मांडू."

"आये, खुळी का काय तू? देवाचं काम हाय, कॅमेरा हाय, पाव्हणे हायती. मी आसलं कायबी करणार न्हाई. आन् तुलाबी करू देणार न्हाई. तलवारच जाणार."

"न्हाई करणार?"

"न्हाई."

कुशाबाई उठली. फडकं उचललं. "थोरल्या मान्सानं भिजवायचं, अशी रीत हाय. ह्या घरात थोरलं माणूस मीच हाय." आणि पदर खोचून ती गोठ्यामागं गेली.

गोकुळ डोक्याला हात लावून पायरीवर बसला. स्वरूपा दारामागं तोंड दाबून हसत होती, आणि हसता हसता रडतही होती.

चावडीपुढं मांडव घातला होता. अकॅडमीची पोरंपोरी पांढऱ्या गंज्या घालून रांगेत उभी होती. वारस एकेक करून आपापलं ताट घेऊन वर जात होते. कुणाची कुऱ्हाड, कुणाची गंजकी कट्यार, कुणाचं बिल्ल्यासारखं काहीतरी. गोकुळ तलवार छातीशी धरून निघाला, तर कुशाबाई त्याच्या पुढं. तिच्या हातात झाकलेलं ताट. आगाऊ म्हणणाऱ्या तटाने भुवया चढवल्या. विधवा बाई पूजेला पुढं कशी, असं कुणीतरी कुजबुजलंही. ती थेट चौथऱ्यावर गेली, तलवारीसाठी राखलेल्या जागी ताट ठेवलं आणि वरचं झाकण काढलं. हात जोडले. गुरवाने सवयीप्रमाणे फडक्यावर हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं.

"काय हे, आजी?" विजयसिंह माईक बाजूला धरून पुटपुटला.

"आबांनी लामात तोंडाला बांदलेलं फडकं. तसलंच. पर आदी ऐकून घ्या..."

ऐकून घेण्याची सवय विजयसिंहला कधी नव्हती. त्यात ड्रोन डोक्यावर आला होता. त्याने माईक तोंडाशी आणला. "मंडळी! शूरवीर भीमरावांचं रणांगणावरचं पवित्र वस्त्र!" आणि दोन्ही हातांनी फडकं उचलून त्याने ते डोळ्यांना लावलं, कपाळाला लावलं, पोरांकडे वळून उंच धरलं. टाळ्या पडल्या. अकॅडमीच्या पोरांनी घोषणा दिल्या. त्याच्या कपाळावर ओल्या कुंकवाचा ठसा उठला.

कुशाबाईने त्याच्या हातातून आधी फडकं घेतलं आणि मग माईक.

"मला भाषान येत न्हाई," ती म्हणाली. बाजारातला आवाज, माईक नसता तरी शेवटच्या माणसाला ऐकू गेला असता. "त्या फ्लेक्सवरचा घोड्यावरचा मानूस कोन हाय, मला ठावं न्हाई. आमचे आबा घोड्यावर कदी बसले न्हाईत. चर खांदायला गेलते. एक दिवस वाऱ्यासंगं इषारी धूर आला. तोंडाला बांदाय कायबी न्हवतं. हुकूम आला, फडक्यावर मुता आन् तोंडाला बांदा. आबांनी बांदलं. म्हनून ते जगले. म्हनून आमचा वंश हाय. म्हनून ह्यो माझा ल्योक तितं दुकानातली तलवार घिऊन हुबा हाय."

मांडव हसला. पोरं एकमेकांवर पडून हसली. कुशाबाई थांबली.

"हसा. मीबी हसले. पर त्यांच्या बगलेत आपल्या आळीतला सिद्धू व्हता. लई सोवळा, लई चांगल्या वळणाचा. त्याला किळस आली. त्यानं बांदलं न्हाई. त्यो मेला. ह्या दगडात त्यो निस्ता एक आकडा हाय, त्याला फ्लेक्स न्हाई. आबा मरूस्तवर झोपंत त्याला सांगत व्हते, बांध रं सिद्धू. मर्द हसत हसत मरत्यात, असं ह्या पोरांला शिकवू नगा. हसत कुनी मरत न्हाई. पोरांनो, जायाचं त्यांनी जावा. पर ह्ये ऐकून जावा."

आता कुणी हसत नव्हतं. गोकुळने तलवार चौथऱ्याच्या कडेवर ठेवली होती. कधी ठेवली, ते त्यालाही कळलं नसावं.

"आमच्या घरानं इतकी वर्सं ह्ये फडकं गोमूत्रात भिजवलं," कुशाबाई म्हणाली. "आमाला ठावं न्हवतं. औंदा कळलं. म्हनून औंदा मी गोठ्यामागं जाऊन आबांच्या रीतीनं भिजवलंय."

एका क्षणात सगळ्या मांडवाची नजर विजयसिंहच्या कपाळावर गेली. त्याचा हात झटक्यात खिशात गेला, रुमाल निघाला, कपाळापर्यंत पोचला.

कुशाबाईने माईक खाली केला नव्हता.

"पुसा, विजयसिंहराव, पुसा," ती म्हणाली. "सिद्धूलाबी अशीच किळस आली व्हती."

रुमाल कपाळापाशीच थांबला. पुसावं की नाही, हे त्याला ठरवता येईना, आणि सगळं गाव त्याच्या त्या हाताकडे बघत राहिलं. स्वरूपा पायऱ्या चढून वर आली. भाषणाचा कागद तिने तलवारीखाली सारला, आज्जीच्या हातातून माईक घेतला आणि वाचायला लागली, "आई, खिडकी लावू नकोस."